कोऱ्या कागदाचं विधेयक

आमच्या तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मागच्या महिन्यात अभिरूप संसद भरली होती. मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. नववी-दहावीची पोरं दोन बाजूंना बाकांवर बसलेली, मधे अध्यक्षांच्या खुर्चीत एक मुलगी, तिच्यापुढे शाळेची पितळी घंटा. एक मुलगा उठला, हातातला कागद उंच धरून म्हणाला, ‘मी हे विधेयक सभागृहापुढे मांडतो.’ समोरच्या बाकांवरची पोरं लगेच घोषणा देत पुढे धावली, कागद फाडले, उधळले. अध्यक्षांनी घंटा बडवली, ‘बाजूने असणाऱ्यांनी होय म्हणावं’ असं ओरडून सांगितलं, होयचा एकच गलका झाला आणि विधेयक मंजूर. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. पोरांनी ते मन लावून बसवलं होतं, टाळ्याही भरपूर पडल्या. फाटलेल्या कागदाचा एक तुकडा उडत माझ्या पायाशी आला. उचलून पाहिला, तर दोन्ही बाजूंनी कोरा.

कार्यक्रमाचा व्हिडिओ गावातल्या ग्रुपांवर फिरला आणि वादाला तोंड फुटलं. एका बाजूचं म्हणणं, शाळेत राजकारण आणू नका, पोरांना असली भांडणं शिकवायची काय गरज. दुसरी बाजू म्हणते, हे लोकशाहीचे संस्कार आहेत, उद्याचे आमदार-खासदार यातूनच घडणार. आठवडाभर दोन्हीकडून मेसेज सुरू होते. शेवटी विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे गेला. पोरांनी आरडाओरडा केला तो बरा की वाईट, यावर सगळे बोलले. त्या विधेयकात लिहिलं काय होतं, हे मात्र एकानेही विचारलं नाही. माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे. कायदा कसा होतो हे मुलांना शिकवायलाच हवं. पण पायऱ्या घोकून किंवा असं नाटक बसवून ते येत नाही. मुलांच्या हातात एक खरं विधेयक द्यावं. ते मांडलं तेव्हा त्यात काय होतं आणि कायदा झाला तेव्हा काय होतं, हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवावेत. मधले शब्द कुणी, कुठल्या टप्प्यावर आणि कशासाठी बदलले, हे त्यांनाच शोधायला लावावं.

मी तेवीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो आहे, त्यामुळे आज हे कसं शिकवलं जातं ते मला ठाऊक आहे. पहिलं वाचन, दुसरं वाचन, तिसरं वाचन, दुसरं सभागृह, राष्ट्रपतींची संमती. फळ्यावर पाच चौकटी, मधे बाण, परीक्षेत चार गुण. आठवीतल्या एका हुशार मुलीने एकदा उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं की, विधेयक सदस्यांच्या नीट लक्षात राहावं म्हणून ते तीन वेळा वाचून दाखवतात. मी तिचा अर्धा गुण कापला आणि घरी येऊन स्वतःवरच चिडलो. ‘वाचन’ या शब्दापुढे मी तिला दुसरं काही दिलंच नव्हतं. पहिल्या वाचनात विधेयक फक्त मांडलं जातं, सहसा चर्चाही होत नाही. खरा कस लागतो दुसऱ्या वाचनात: विधेयकाचं मूळ तत्त्व मान्य आहे का, ते समितीकडे पाठवायचं का, मग एकेका कलमावर चर्चा, दुरुस्त्या, प्रत्येक दुरुस्तीवर मत. तिसऱ्या वाचनात उरतं एवढंच की, आता जे झालंय ते मंजूर की नामंजूर. म्हणजे कायद्याचे शब्द हलतात ते मुख्यतः मधल्या टप्प्यात. आणि आमच्या फळ्यावर त्या टप्प्याला इतर चौकटींएवढीच एक चौकट मिळते.

मी स्वतः काय करून पाहिलं ते सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याला शिकवत असताना माझ्या वर्गातली निम्मी पोरं पावरा आणि भिल्ल घरांतली होती. वनहक्काचा दावा हा शब्द त्यांना माझ्याआधी माहीत होता. म्हणून मी वनहक्क कायदाच घेतला. हे विधेयक १३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेत मांडलं गेलं. त्यात म्हटलं होतं की, २५ ऑक्टोबर १९८० पूर्वीपासून वनजमीन कसत असलेल्यांनाच हक्क मिळेल. ही तारीख का? त्या दिवशी वनसंवर्धनाचा १९८० चा कायदा लागू झाला होता. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, किशोरचंद्र देव तिचे अध्यक्ष होते. आदिवासी संघटनांनी आपलं म्हणणं मांडलं; वाघ आणि जंगल राखणाऱ्यांच्या काळज्या वेगळ्या होत्या, त्याही पुढे आल्या. समितीने मे २००६ मध्ये अहवाल दिला. डिसेंबर २००६ मध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा चौथ्या कलमातली तारीख होती १३ डिसेंबर २००५. आधी अडीच हेक्टरची मर्यादा होती. समितीने ती काढूनच टाका असं सुचवलं, सरकारने तेवढं मानलं नाही आणि मर्यादा चार हेक्टरवर थांबली. मूळ विधेयकाच्या नावात फक्त अनुसूचित जमाती होत्या. कायद्याच्या नावात इतर पारंपरिक वननिवासीही आले, मात्र त्यांच्यासाठी तीन पिढ्यांच्या वास्तव्याची कडक अट घालून.

एवढं सगळं मी एका तासात सांगितलं नाही. पहिल्या तासाला नुसत्या दोन तारखा फळ्यावर लिहिल्या आणि विचारलं, तुमच्या घरचं वावर कधीपासूनचं आहे, विचारून या. दुसऱ्या दिवशी एक एरवी तोंड न उघडणारा मुलगा उभा राहिला. त्याच्या आजाने नेवाड काढलं, म्हणजे जंगल साफ करून वावर केलं, ते याचा बाप शाळेत जायला लागला त्या साली, म्हणजे १९८७ च्या आसपास. फळ्यावरच्या दोन तारखांकडे बोट दाखवून तो म्हणाला, ‘सर, पहिली तारीख राहिली असती तर आमचं वावर गेलं असतं.’ मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘मग ती तारीख बदलली कुणी?’ तोवर त्या धड्यावर मला कुणी प्रश्न विचारल्याचं आठवत नव्हतं. मग समिती म्हणजे काय, तिच्यापुढे म्हणणं कोण मांडू शकतं, तिचा सल्ला सरकारवर बंधनकारक असतो का, हे सगळं त्यांनीच माझ्याकडून काढून घेतलं. तारीख बदलली म्हणून सगळ्यांचं भलं झालं, असं मी त्यांना सांगितलं नाही. त्याच मुलाच्या चुलत्याचा दावा असे दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीने फेटाळला होता आणि हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. कायदा मंजूर होणं आणि तो गावापर्यंत पोचणं यातलं अंतर त्या पोरांना कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती.

आता विरोधातलं म्हणणं घेतो. पहिला आक्षेप राजकारणाचा, आणि तो मी हलक्यात घेत नाही. शिक्षकालाही पक्ष असतो, संस्थाचालकाला तर असतोच. ‘चालू विधेयक समजावून सांगतो’ या नावाखाली वर्गात प्रचार होऊ शकतो, आणि चौदा वर्षांच्या पोरापुढे मास्तरचा शब्द जड असतो. ही भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय विषय टाळण्यात आहे की कागद पुढे ठेवण्यात? मी तोंडी सांगितलेलं पोरांना तपासता येत नाही. छापलेलं विधेयक आणि छापलेला कायदा मात्र त्यांना माझ्याविरुद्धही वाचता येतो. वर्षाला दोन विधेयकं घ्यावीत, वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांची. वनहक्काबरोबर २०२० चे शेती कायदे घ्या. त्यातल्या बाजार समितीबाहेरच्या व्यापाराच्या कायद्यात, शेतकरी आणि व्यापारी यांचा वाद दिवाणी न्यायालयात न नेता उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे, न्यायचा, अशी तरतूद होती. ती शेतकऱ्याच्या सोयीची की गैरसोयीची? यावर प्रामाणिकपणे दोन मतं असू शकतात. कोर्टात वर्षं जातात, असं एक जण म्हणेल. प्रांताच्या दारात आपल्याला कोण उभं करतं, असं दुसरा म्हणेल. त्या वर्षी आमच्याकडे कापसाच्या जिनिंगपासून केळीच्या वखारीपर्यंत सगळीकडे या कायद्यांवर हमरीतुमरी झाली, पण हे कलम वाचलेला माणूस मला दोन्ही बाजूंना क्वचितच भेटला.

आणि शाळेत राजकारण नको, हे खान्देशात आपण कुठल्या तोंडाने म्हणतो? ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या रस्त्यावर पोलिसांच्या गोळ्यांनी शिरीषकुमार आणि त्याचे चार साथीदार पडले. शिरीषकुमार शाळकरी मुलगा होता. दरवर्षी आपण त्या तारखेला पोरांना हुतात्मा स्मारकाकडे रांगेने नेतो, भाषणं करायला लावतो. परक्या सरकारच्या अन्यायावर प्रश्न विचारणारा मुलगा आपल्याला पूज्य वाटतो. मग आपल्याच संसदेने केलेल्या कायद्यातलं एक कलम वाचून ‘हे असं का लिहिलं?’ असं विचारणारा मुलगा नकोसा का व्हावा?

दुसरा आक्षेप मला पालकांकडून ऐकायला मिळतो, आणि त्यात कळकळ असते. एका शेतकरी पालकाने मला तोंडावर विचारलं, ‘पोरेसले कायदा शिकाडीसन काय वकील करना शे का?’ त्याचा मुद्दा साधा होता. पोराला धड वाचता येत नाही, भागाकार येत नाही आणि तुम्ही त्याला संसद शिकवता. आश्रमशाळेत काम केलेल्या कुणालाही याचं वजन कळेल. घरी पावरी किंवा अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, आणि कायद्याची मराठी म्हणजे तिसरीच भाषा. हे मी मान्य करतो. पण वाचन येतं ते वाचण्याची गरज पडली की. ‘पूर्वी’ आणि ‘पर्यंत’, ‘आणि’ आणि ‘किंवा’, ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांतला फरक व्याकरणाच्या तासाला सांगून कुणाच्या डोक्यात राहत नाही. त्या फरकावर घरचं वावर अवलंबून आहे असं कळलं की तेच पोर ओळीखाली बोट ठेवून तीनदा वाचतं. शिवाय मी नवा विषय वाढवा म्हणत नाही. आहे त्याच धड्याला सहा-आठ तासिका द्या आणि पाच चौकटींऐवजी दोन कागद द्या, एवढंच.

तिसरा आक्षेप सगळ्यात बळकट आहे, आणि तो मांडणारे बहुतेक वेळा वाचन असलेले, राजकारण जवळून पाहणारे लोक असतात. ते म्हणतात, तुम्ही जी प्रक्रिया शिकवता ती प्रत्यक्षात उरलीच कुठे? आकडे त्यांच्या बाजूने आहेत. २००९ ते २०१४ च्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली. २०१९ ते २०२४ च्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आलं. शेती कायदे आधी जून २०२० मध्ये अध्यादेशांनी आले, सप्टेंबरमध्ये विधेयकं मांडली गेली ती कुठल्याच समितीकडे गेली नाहीत. २० सप्टेंबरला राज्यसभेत त्यांतली दोन गोंधळात आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधकांनी मतविभागणी, म्हणजे एकेक मत मोजणं, मागितली होती, ती झाली नाही. त्यानंतर वर्षभर आंदोलन चाललं आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे रद्द करणारं विधेयक एकाच दिवसात दोन्ही सभागृहांत चर्चेशिवाय मंजूर झालं. यात १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याची भर घाला. पक्षाने व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, काढला की खासदाराचं मत आधीच ठरलेलं, मग सभागृहातल्या चर्चेने कोण कुणाचं मन वळवणार? हे सगळं खरं असताना पोरांना ‘दुसरं वाचन’ शिकवणं म्हणजे पडलेल्या वाड्याचा नकाशा शिकवण्यासारखं आहे, असं एका मित्राने मला सुनावलं.

या म्हणण्याने मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. त्यातली वस्तुस्थिती मी पूर्ण मान्य करतो, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. ते सगळे आकडे आणि तारखा पुन्हा वाचा. ‘समितीकडे गेली नाहीत’, ‘मतविभागणी झाली नाही’, ‘चर्चेशिवाय मंजूर’. यातलं प्रत्येक वाक्य तक्रार म्हणून कुणाला ऐकू येतं? ज्याला समिती काय करते हे माहीत आहे त्यालाच. ज्या मुलाने एका समितीमुळे पंचवीस वर्षांची तारीख सरकलेली पाहिली, त्याला दुसरं विधेयक तीन दिवसांत मंजूर झाल्याचं ऐकून पहिला प्रश्न पडेल की, याचे शब्द तपासले कुणी? आणि ज्याने अभिरूप संसदेत कोरा कागद फाडला, त्याला ती बातमी ऐकून काहीच वाटणार नाही, कारण त्याच्या मते संसद तशीच असते. पोरांनी त्या कार्यक्रमात टीव्हीवर दिसतं तेच केलं, त्यांना दोष कसा द्यायचा? प्रक्रिया मोडकळीला आली म्हणून ती शिकवणं सोडलं, तर पुढच्या पिढीत ती मोडली होती हे सांगणारंही कुणी उरणार नाही. वाड्याचा नकाशा ज्याच्याकडे असतो त्यालाच कळतं की, इथे भिंत होती आणि ती कुणीतरी पाडली आहे.

हा काही नवा विचार नाही, आपल्याच मातीत तो होऊन गेला आहे. १८९१ चं संमतिवयाचं विधेयक आठवा, मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा करणारं. ते ज्या कौन्सिलात मंजूर झालं तिथे पाठवायला सामान्य माणसाला मत नव्हतं. तरी महाराष्ट्रात टिळक आणि सुधारक मंडळी त्यावर महिनोन्‌महिने भिडली, कलमाकलमावर लेख लिहिले गेले, सभा झाल्या. टिळकांची बाजू, म्हणजे त्या विधेयकाला विरोध, मला स्वतःला पटत नाही. पण सरकार काय लिहू पाहतंय हे वाचून वाद घालणारा समाज तिथे दिसतो. त्याहून जवळचं उदाहरण फैजपूरचं. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन आपल्या खान्देशात, यावल तालुक्यात भरलं. नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोसांनी बांबू-तट्ट्यांनी सगळं नगर सजवलं होतं. हे सगळं आमच्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. तिथे ठराव कशावर झाला, ते मात्र कुणी सांगत नाही. ब्रिटिश पार्लमेंटने केलेला १९३५ चा कायदा नाकारणं आणि आपली घटना आपण निवडलेल्या घटनासभेने लिहावी अशी मागणी करणं, हे तिथल्या मुख्य ठरावांपैकी होतं. ३२१ कलमांच्या एका परक्या कायद्यावर केळी-कापसाच्या मुलखात, गावकुसाबाहेरच्या मंडपात मतं मांडली गेली. त्या श्रोत्यांपैकी किती जणांना लिहिता-वाचता येत असेल, याचा विचार करावा आणि मग आपल्या नववीच्या मुलांना हे झेपणार नाही असं म्हणावं.

भाषेची अडचण मात्र खरोखरची आहे आणि तिथे माझा राग आहे. संसदेतली विधेयकं इंग्रजी आणि हिंदीत मिळतात. कायदा झाल्यावर कधीतरी मराठी पाठ निघतो, पण जेव्हा बदल शक्य असतो तेव्हा मराठीत काहीच हाती नसतं. २०१४ पासून केंद्राचं धोरण आहे की विधेयकाचा मसुदा मांडण्याआधी निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. तो चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या शेतकऱ्यापुढे कुठल्या भाषेत ठेवणार? २००४ चं बियाणे विधेयक घ्या. ते राज्यसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीने त्यावर अहवालही दिला, आणि कायदा काही झाला नाही. लोकसभा विसर्जित झाली तरी राज्यसभेत मांडलेलं आणि तिथेच राहिलेलं विधेयक रद्द होत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं. त्या सगळ्या काळात कपाशीचं बियाणं उगवलं नाही म्हणून आमचे शेतकरी दर हंगामात कृषी अधिकाऱ्याकडे पंचनाम्यासाठी खेटे घालत होते, आणि केंद्राचा बियाणे कायदा होता तो १९६६ चाच. नुकसानभरपाईचा विषय त्या विधेयकात होता, हे गावात किती जणांना ठाऊक होतं? केंद्राची विधेयकं मराठीत मिळेपर्यंत सुरुवात राज्याच्या विधिमंडळापासून करावी, तिथली विधेयकं मराठीत असतात. आणि शिक्षकांनी केंद्राच्या एखाद्या विधेयकातली मोजकी दोन-तीन कलमं स्वतः मराठीत उतरवून घ्यावीत. मला एका विधेयकाला दोन रविवार लागतात.

त्या हायस्कूलच्या शाळा व्यवस्थापन समितीची बैठक येत्या शनिवारी आहे. अभिरूप संसद पुढच्या वर्षी घ्यायची की बंद करायची, एवढाच विषय पत्रिकेवर आहे. ही समिती शिक्षणहक्क कायद्याच्या २१व्या कलमाने आली, आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत हेही त्याच कलमात आहे. म्हणून तर ते शेतकरी पालक त्या टेबलाशी बसून मला प्रश्न विचारू शकतात. त्या विधेयकावर २६ ऑगस्ट २००९ ला संमतीची सही झाली ती आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांची. मी बैठकीला जाणार आहे. कार्यक्रम बंद करू नका, पण पुढच्या वर्षी पोरांच्या हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलेलं असू द्या, असं सांगणार आहे. वनहक्क विधेयकातलं आणि कायद्यातलं, अशा दोन्ही तारखांच्या कलमांच्या वीस-वीस झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. बोलण्याआधी सगळ्यांनी दहा मिनिटं त्या वाचाव्यात, अशी विनंती करणार आहे.